अँग्लो-सॅक्सन फौज शेतकऱ्यांची होती की योद्ध्यांची? एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नॉर्मन आक्रमणापूर्वीच्या इंग्लंडविषयी वाचताना 'फिर्ड' या सैन्याची दोन परस्परविरोधी चित्रे समोर येतात. एका चित्रात नांगर बाजूला ठेवून भाला उचललेले शेतकरी दिसतात, तर दुसऱ्यात चिलखत घातलेले आणि घोड्यावरून रणांगणापर्यंत येणारे कसलेले योद्धे दिसतात. यांपैकी खरे चित्र कोणते? आणि नवव्या शतकात वेसेक्सच्या आल्फ्रेड राजाने एवढी पक्की संरक्षणव्यवस्था बसवली होती, तर १०६६ मध्ये हेस्टिंग्जच्या एका दिवसाच्या लढाईत सगळे राज्य नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याच्या हाती कसे गेले?

माझे संशोधन आणि अध्यापन याच काळातील लष्करी व राजकीय संस्थांवर आहे. माझ्या मते हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत, म्हणून उत्तरही एकत्रच देते.

शेतकरी की योद्धा, असा पेच उभा राहतो तो आपण जवळजवळ चार शतकांचा काळ एकाच नावाखाली घालतो म्हणून. इने राजाच्या कायद्यांपासून हेस्टिंग्जला पडलेल्या हॅरॉल्ड गॉडविन्सन राजाच्या मृत्यूपर्यंत फिर्ड हे नाव टिकले, पण त्या नावाखाली जमणारी माणसे, त्यांना बोलावण्याचा अधिकार आणि त्यांचे पोट भरण्याची सोय या तिन्ही गोष्टी बदलत गेल्या. त्यामुळे एखाद्या साधनात 'अमुक फौज जमली' असे वाक्य आले की मी ती माणसे शूर होती की अडाणी, हे आधी विचारत नाही. हा माणूस कोणत्या जमिनीपोटी आला, तो कोणाचा माणूस म्हणून आला आणि त्याच्या शिध्याचा खर्च कोणी उचलला, हे आधी पाहते. उत्तर शतकानुसार, प्रदेशानुसार आणि लढाई स्वतःच्या मुलखात होती की बाहेर, यानुसार बदलते, हे सुरुवातीलाच मान्य करायला हवे.

आरंभीच्या काळासाठी बीड या धर्मपंडिताने नोंदवलेला इम्मा नावाच्या तरुणाचा प्रसंग फार बोलका आहे. इ.स. ६७९ मध्ये ट्रेंट नदीकाठी नॉर्थंब्रिया आणि मर्सिया या दोन इंग्लिश राज्यांत लढाई झाली. त्यात नॉर्थंब्रियाच्या बाजूचा इम्मा जखमी होऊन प्रेतांमध्ये पडून राहिला आणि नंतर मर्सियाच्या एका सरदाराच्या माणसांच्या हाती सापडला. आपण योद्धा आहोत हे कबूल करायची त्याला भीती वाटली. म्हणून मी एक गरीब, लग्न झालेला खेडूत आहे आणि माझ्यासारख्या इतरांबरोबर सैनिकांसाठी अन्न घेऊन आलो होतो, असे त्याने सांगितले. सरदाराने त्याच्या जखमांवर उपचार करवले. पुढे त्याचा चेहरा, वागणे आणि बोलणे यांवरून तो खानदानी असल्याचे लोकांच्या लक्षात आले. तेव्हा सरदाराने त्याला सांगितले की, त्या लढाईत माझे भाऊबंद मारले गेल्यामुळे तू मरणालाच पात्र आहेस, पण तुला अभय देण्याचे वचन मी मोडणार नाही. शेवटी इम्माला लंडनमध्ये एका फ्रिशियन, म्हणजे उत्तर समुद्राच्या पलीकडच्या किनाऱ्यावरील, व्यापाऱ्याला विकण्यात आले.

या कथेत चमत्काराचाही भाग आहे आणि बीडला खरा रस त्यातच होता. इतिहासकाराला मात्र इम्माची थाप जास्त उपयोगी पडते. थाप खपायची असेल तर ती ऐकणाऱ्याच्या रोजच्या अनुभवात बसायला हवी. खेडूत रसद घेऊन फौजेमागे जातात आणि त्यांना शत्रूचा योद्धा समजले जात नाही, ही गोष्ट सातव्या शतकात सर्वांच्या ओळखीची होती, म्हणूनच ती काही दिवस पचली. साधारण त्याच पिढीतील वेसेक्सच्या इने राजाचे कायदे फिर्डला न येणाऱ्यावर दंड बसवतात. जमीन असलेल्या खानदानी माणसाला १२० शिलिंग दंड होऊन शिवाय त्याची जमीन जाई, जमीन नसलेल्या खानदानी माणसाला ६० शिलिंग, आणि चेऑर्ल म्हणजे सामान्य स्वतंत्र शेतकऱ्याला ३० शिलिंग दंड होई. शेवटच्या आकड्यावरून अनेकांनी सगळेच शेतकरी लढायला जात असत असा निष्कर्ष काढला. इम्माचा प्रसंग शेजारी ठेवून वाचले की तो निष्कर्ष सैल पडतो. चेऑर्लवर फौजेची जबाबदारी होती हे खरे, पण ती पार पाडण्याचा मार्ग ढालींच्या भिंतीत उभे राहणे हाच असेल असे नाही. धान्याची गाडी हाकणे हीसुद्धा फौजेची सेवाच होती.

आठव्या शतकात या सेवेचे नाते जमिनीशी घट्ट होत गेले. बीडने ७३४ मध्ये एग्बर्ट या बिशपला लिहिलेल्या पत्रात अशी तक्रार आहे की, नावापुरत्या मठांना जमिनी वाटल्या गेल्यामुळे खानदानी घरांतील मुलांना आणि जुन्या योद्ध्यांना द्यायला जमीनच उरलेली नाही आणि ते देश सोडून चालले आहेत. राजांनाही हा धोका कळला. ७४९ मध्ये मर्सियाच्या एथेलबाल्ड राजाने गमली येथे चर्चच्या जमिनींना इतर सर्व ओझ्यांतून सूट दिली, पण पूल बांधणे आणि तटबंदी बांधणे ही दोन कामे सुटणार नाहीत असे बजावले. पुढच्या काळातील सनदांत पूल, तटबंदी आणि फौज ही तीन ओझी जवळजवळ साच्यातून काढल्यासारखी एकत्र येतात. मी विद्यार्थ्यांना सनदांचा हा रुक्ष भाग आवर्जून वाचायला लावते, कारण राज्याला नेमके काय सोडवत नव्हते ते याच ओळींत दिसते.

या पायावर आल्फ्रेडने काय उभे केले, ते सविस्तर सांगायला हवे. ८७८ च्या जानेवारीत डेन लोकांनी, म्हणजे व्हायकिंग आक्रमकांनी, चिपनमवर अचानक झडप घातली आणि आल्फ्रेडला अथेल्नीच्या दलदलीत आश्रय घ्यावा लागला. त्याच वर्षी त्याने एडिंग्टन येथे त्यांचा राजा गुथ्रम याचा पराभव केला, हे सर्वांना माहीत असते. पण त्या संकटाने एक कायमचा दोष उघडा पाडला होता. घोड्यांवरून फिरणारी शत्रूची टोळी एखादे मोक्याचे ठिकाण बळकावून बसे आणि राजाची फौज जमेपर्यंत आजूबाजूचा मुलूख लुटून झालेला असे. आदल्याच वर्षी, ८७७ मध्ये, आल्फ्रेड आपल्या फिर्डसह घोड्यावरून एक्सेटरपर्यंत शत्रूच्या मागे धावला होता, पण शत्रू किल्ल्यात शिरेपर्यंत त्याला गाठता आले नाही, अशी नोंद अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल या वर्षवार शकावलीत आहे. राजाबरोबर एवढा पल्ला घोड्यावरून मारणारी ही माणसे हातातले काम टाकून आलेली गरीब कुळे नव्हती, हे वेगळे सांगायला नको.

शकावलीच्या ८९३ च्या नोंदीनुसार आल्फ्रेडने फौजेचे दोन भाग केले होते. निम्मे लोक नेहमी घरी आणि निम्मे मोहिमेवर असत, शिवाय तटबंदी सांभाळणारे वेगळे असत. घरी राहणारे निम्मे शेतीसाठीच राहत, असे पुस्तकांत अनेकदा सहज लिहिले जाते. मला ते पटत नाही. जमीनदार माणूस घरी असला की पंचायतीला बसे, भाडेपट्टे आणि वसुली पाहत असे आणि वाट चुकून आलेल्या लुटारूंपासून आपला परिसर सांभाळत असे. आल्फ्रेडचा चरित्रकार ॲसर सांगतो की, राजदरबारातील योद्धेही तीन पाळ्यांत विभागलेले होते आणि प्रत्येक पाळी एक महिना दरबारात व दोन महिने घरी असे. दोन्ही व्यवस्थांमागे एकच विचार आहे. सैनिक हाच स्थानिक कारभारी असेल, तर त्याला वर्षभर छावणीत ठेवल्यास कारभार बसतो.

दुसरा खांब म्हणजे बुर्ह, अर्थात तटबंदीची ठाणी. यांची रचना अशी होती की वेसेक्सचा बहुतेक मुलूख कोणत्या ना कोणत्या ठाण्यापासून एका दिवसाच्या चालीत यावा. दहाव्या शतकाच्या सुरुवातीची मानली जाणारी, 'बर्घल हायडेज' या नावाने ओळखली जाणारी यादी अशा तीसहून अधिक ठाण्यांची नावे देते आणि प्रत्येकापुढे किती हाइड जमीन नेमून दिली ते सांगते. हाइड हे मूळचे एका कुटुंबाच्या निर्वाहापुरत्या जमिनीचे माप, पण व्यवहारात ते आकारणीचे एकक होते. यादीसोबतचे सूत्र सरळ आहे. दर हाइडमागे एक माणूस द्यायचा आणि तटाच्या दर पोलभर लांबीला, म्हणजे साडेसोळा फुटांना, चार माणसे उभी करायची.

हे गणित मी वर्गात फळ्यावर करून दाखवते. विंचेस्टरला २,४०० हाइड नेमले आहेत. म्हणजे २,४०० माणसे, चाराने भागले की ६०० पोल, आणि त्याचे ९,९०० फूट होतात. विंचेस्टरच्या जुन्या रोमन तटाची प्रत्यक्ष लांबी ९,९५० फुटांच्या आसपास भरते. वेअरमला १,६०० हाइड आहेत, त्यांचे ६,६०० फूट होतात आणि तिथला मातीचा तट सुमारे ६,५४० फुटांचा आहे. हजार वर्षांपूर्वीच्या कारकुनाने आधी तट मोजून घेतला आणि मग आजूबाजूच्या गावांवर माणसांची वाटणी केली, हे या आकड्यांतून समजते तेव्हा मला आजही त्या अनाम माणसाबद्दल आदर वाटतो. सगळीकडे मात्र असे जुळत नाही. एक्सेटरचे ७३४ हाइड तिथल्या रोमन तटाच्या निम्म्यालाही पुरत नाहीत. तेव्हा एकच सूत्र डोळे झाकून सगळीकडे लावणे धोक्याचे आहे. यादीतील सर्व हाइडांची बेरीज २७,००० च्या घरात जाते. ही माणसे एकाच वेळी तटांवर उभी होती असे समजू नये. गरज पडल्यास कोणी कोठे जायचे, याची ती आगाऊ ठरवलेली वाटणी होती. आणि तुमच्या प्रश्नातील शेतकरी सर्वांत जास्त संख्येने सापडतो तो इथे, ठाण्याच्या शिबंदीत, तटाच्या डागडुजीत आणि खंदकाच्या मातीत.

कागदावरची ही व्यवस्था जमिनीवर उतरवताना राजाला फार त्रास झाला. ॲसर लिहितो की, आल्फ्रेडला आपल्याच बिशपांना आणि सरदारांना गोडीने समजवावे लागे, विनवावे लागे, हुकूम द्यावे लागत आणि शेवटी शिक्षाही करावी लागे, तरी काही किल्ल्यांची कामे सुरूच झाली नाहीत आणि काही उशिरा सुरू होऊन अपुरी राहिली. त्याचे प्रत्यक्ष उदाहरण शकावलीत ८९२ खाली सापडते. केंटच्या किनाऱ्यावर उतरलेल्या डेन फौजेने नदीतून आत शिरून एक ठाणे जिंकले. त्यात मोजकेच चेऑर्ल होते आणि ते अर्धवट बांधलेले होते. पुढच्याच वर्षी एका बेटावर शत्रूला कोंडून बसलेल्या तुकडीची पाळी संपली, शिधाही संपला आणि राजा दुसरी तुकडी घेऊन वाटेत असतानाच ती माणसे वेढा उठवून घरी निघाली. मुदत आणि शिधा, ही या व्यवस्थेची नाजूक जागा. १०६६ कडे जाताना ती लक्षात ठेवावी.

आता अकराव्या शतकाकडे येऊ. सेवेचा सर्वांत स्पष्ट नियम विल्यमने देशभरच्या जमिनींची करवलेल्या १०८६ च्या डूम्सडे पाहणीत बार्कशायरच्या नोंदीत आहे. नॉर्मन विजयापूर्वी राजाने फौज धाडली तर पाच हाइडांमागे एकच सैनिक जाई आणि त्याच्या खाण्यासाठी किंवा पगारासाठी दर हाइडकडून चार शिलिंग, दोन महिन्यांसाठी, दिले जात. हा पैसा राजाकडे जात नसे, थेट सैनिकाच्या हातात पडत असे. म्हणजे पाच हाइडांचे मिळून २० शिलिंग, एक माणूस आणि दोन महिने. स्वतः बोलावणे आलेला माणूस गेला नाही तर त्याची सारी जमीन राजाकडे जमा होई. या नियमात प्रत्येक कुटुंबातील पुरुष लढायला जात नाही. अनेक कुटुंबे मिळून एका माणसाला उभे करतात आणि पोसतात.

असा माणूस कोण असे, याचा अंदाज त्या काळच्या दर्जाविषयीच्या लिखाणावरून येतो. चेऑर्ल वर चढून पाच हाइड स्वतःच्या जमिनीचा धनी झाला तर तो थेन, म्हणजे सेवक-सरदार, होण्याच्या योग्यतेचा ठरे. पण एका ग्रंथात असेही बजावले आहे की, एखाद्या चेऑर्लकडे शिरस्त्राण, चिलखत आणि सोन्याने मढवलेली तलवार असली, तरी जमीन नसेल तर तो चेऑर्लच राहील. हे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. शस्त्रे बाळगणारे, कदाचित लढाईत उत्तम कामगिरी करणारे सामान्य लोक होते, म्हणूनच तर कोणाला तरी हा नियम लिहून ठेवावा लागला. क्नूट राजाच्या कायद्यात राजाच्या थेनने मृत्यूनंतर राजाला परत द्यायच्या वस्तूंत चार घोडे, दोन तलवारी, चार भाले, चार ढाली, एक शिरस्त्राण आणि एक चिलखत यांचा समावेश आहे. एवढा सरंजाम असलेला माणूस एकटा येत नसे, त्याच्यामागे त्याची काही माणसे असत.

प्रदेशांनुसार फरकही मोठा होता. माम्सबरी हे गाव मोहिमेच्या वेळी एक तर राजाच्या खलाशांच्या खाण्यासाठी २० शिलिंग देई, नाही तर पाच हाइडांच्या हिशेबाने एक माणूस देई. लेस्टरहून राजा जमिनीवरील मोहिमेला निघाला तर १२ नागरिक जात आणि समुद्रावरून निघाला तर लंडनपर्यंत शस्त्रे वाहायला चार घोडे जात. त्यामुळे बार्कशायरचा नियम साऱ्या इंग्लंडला लागू होता असे मी म्हणणार नाही. पण जमिनीच्या ठरावीक आकारणीमागे ठरावीक सेवा, हा त्यामागचा विचार सर्वत्र दिसतो.

अभ्यासकांतही यावर एकमत नाही. अमेरिकन इतिहासकार वॉरन हॉलिस्टर यांनी १९६२ मध्ये दोन फिर्ड असल्याची मांडणी केली. एक सर्व स्वतंत्र पुरुषांचा, जो स्थानिक बचावापुरता, आणि दुसरा पाच हाइडांमागे एक असा निवडक. पुढे रिचर्ड एबल्स यांनी १९८८ मध्ये असे दाखवले की, माणूस लढायला येत होता तो आपल्या जमिनीमुळे आणि आपल्या मालकाशी असलेल्या निष्ठेमुळे, 'स्वतंत्र माणूस' या नात्याने नव्हे. माझा कल एबल्स यांच्याकडे आहे. फक्त शत्रू दारात आला असता गावातील कोणीही हाताला लागेल ते घेऊन उभे राहत असणार, एवढी जागा मी हॉलिस्टर यांच्या मतासाठी ठेवते. नॉर्मन विजयाची कथा दाखवणाऱ्या बायोच्या भरतकामातील हेस्टिंग्जच्या दृश्यात एका टेकडीवर चिलखत नसलेले इंग्रज नॉर्मन स्वारांना तोंड देताना दिसतात. ते आसपासचे गावकरी असू शकतील.

संस्था मजबूत असली तरी ती चालवणारे राजकारण तितके मजबूत असतेच असे नाही. एथेलरेड राजाने १००८ मध्ये हुकूम काढला की दर ३१० हाइडांनी एक लढाऊ जहाज आणि दर आठ हाइडांनी एक शिरस्त्राण व चिलखत द्यावे. हुकूम अमलात आला. १००९ मध्ये, पूर्वी कोणी पाहिले नव्हते एवढे आरमार सँडविचला जमले. मग ब्रिहट्रिक नावाच्या सरदाराने वुल्फनॉथवर राजाकडे आरोप केले. वुल्फनॉथ २० जहाजे घेऊन निघून गेला आणि त्याच्या मागे गेलेली ब्रिहट्रिकची ८० जहाजे वादळात किनाऱ्यावर आदळली. ती मग वुल्फनॉथने जाळली. आकारणी, वसुली, बांधणी, सगळे नीट झाले होते. दरबारातील वैर मात्र कोणत्याही हाइडमध्ये मोजता येत नव्हते.

१०६६ कडे या नजरेने पाहावे. हॅरॉल्डने उन्हाळाभर दक्षिण किनाऱ्यावर फिर्ड आणि आरमार सज्ज ठेवले. शकावली सांगते की ८ सप्टेंबरला लोकांचा शिधा संपला आणि त्यांना आणखी कोणी थांबवून धरू शकले नाही. बार्कशायरचे दोन महिने त्या काळात उलटून गेले असणार. ही फौज भ्याड म्हणून घरी गेली नाही, तिची मुदत आणि रसद संपली. त्यानंतर पाच आठवड्यांत काय घडले ते पाहा. २० सप्टेंबरला फुलफर्ड येथे नॉर्वेच्या राजाने उत्तरेतील एडविन आणि मॉर्कार या अर्लांचा, म्हणजे प्रांत सांभाळणाऱ्या बड्या सरदारांचा, पराभव केला. हॅरॉल्ड लंडनहून सुमारे ३०० किलोमीटर धावत जाऊन २५ सप्टेंबरला स्टॅमफर्ड ब्रिजची लढाई जिंकला. २८ सप्टेंबरला विल्यम पेव्हन्सीला उतरला. १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्ज झाले. हॅरॉल्डचे सगळे सैन्य येऊन पोचण्यापूर्वीच ही लढाई झाली, असे शकावलीच्या एका प्रतीत म्हटले आहे. एवढ्या कमी काळात इतक्या वेळा फौज उभी करता येणे हेच त्या व्यवस्थेच्या ताकदीचे लक्षण आहे. दिवसभर टिकून राहिलेली ढालींची फळी हीसुद्धा अडाणी जमावाची खूण नव्हे.

मग राज्य का गेले? माझ्या समजुतीने, राज्य एकसंध होते म्हणून ते एकदम हस्तांतरित होऊ शकले. हॅरॉल्ड आणि त्याचे दोन भाऊ, गर्थ आणि लेओफवाइन, एकाच दिवशी मारले गेले. लंडनमध्ये सरदार आणि बिशपांनी एडगर या कोवळ्या राजपुत्राला पुढे केले, पण त्याच्याभोवती फौज उभी करील असा नेता उरला नव्हता, आणि थोड्याच आठवड्यांत बर्कमस्टेड येथे त्यांनी विल्यमपुढे मान तुकवली. नाताळच्या दिवशी त्याचा राज्याभिषेक झाला तेव्हा शायर म्हणजे जिल्हे, हंड्रेड म्हणजे त्यांचे पोटविभाग, त्यांच्या पंचायती, हाइडांची आकारणी आणि नाणेव्यवस्था जशीच्या तशी त्याच्या हाती आली. डूम्सडेची पाहणी एवढ्या झपाट्याने झाली तीही याच जुन्या यंत्रणेच्या बळावर.

फिर्डही १०६६ मध्ये संपला नाही, आणि हे सहसा सांगितले जात नाही म्हणून शेवटी जोडते. १०९४ मध्ये विल्यमचा मुलगा राजा विल्यम रूफस याने नॉर्मंडीतील युद्धासाठी २०,००० इंग्रज पायदळ बोलावल्याची नोंद आहे. आकडा फुगवलेला असू शकतो, पण पुढचा तपशील नेमका आहे. माणसे हेस्टिंग्जच्या किनाऱ्यावर पोचली तेव्हा राजाच्या वतीने त्यांना परत जायला सांगण्यात आले आणि गावांनी प्रत्येकाला खर्चासाठी दिलेला अर्धा पौंड, म्हणजे १० शिलिंग, काढून घेऊन तो पैसा राजाकडे पाठवण्यात आला.